गिटार घडविणारे एक घराणे

शिसवाचे लाकूड आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे आहे. जुन्या वाड्यातला पाळणा, देव्हारा, आजीची पेटी, झोपाळ्याचा पाट, यांपैकी एखादी तरी वस्तू शिसवाची असते. रंगाने काळसर, वजनाला भारी, आणि बोटाने ठोठावले तर खणखणीत वाजणारे हे लाकूड. भारतातले हेच शिसव गेली पन्नासहून अधिक वर्षे समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, नाझरेथ नावाच्या एका लहानशा गावी जात आहे. तिथे त्याची गिटार होते.

ही गिटार करणारे घराणे मार्टिनांचे. त्यांचा धंदा १८३३ साली सुरू झाला आणि आज सहाव्या पिढीतही तो घराण्याच्याच मालकीचा आहे. आता तुम्ही म्हणाल, परदेशातल्या वाद्याच्या कारखान्याशी आपल्याला काय करायचे? पण वाचकहो, ज्या गावात सुतार, कुंभार, कासार पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले, त्या गावाला या घराण्याची हकिगत परकी वाटणार नाही. बापाचा हात मुलाकडे कसा जातो, आणि कधी कधी मध्येच कसा निसटतो, हा प्रश्न तिथेही तोच आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. गोव्याकडच्या एखाद्या लग्नात किंवा चित्रपटाच्या गाण्यात गिटारीचा आवाज तुम्ही ऐकला असेलच. आपल्या तानपुऱ्याला जसा भोपळा, तशी गिटारीला लाकडाची पोकळ पेटी. नुसती तार छेडली तर तिचा आवाज फार दूर जात नाही. तारेचा कंप घोडीवाटे पेटीच्या वरच्या फळीला, म्हणजे तबलीला, पोचतो. तबली हलते, पेटीतली हवा हलते आणि मग नाद भरून येतो. शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवता येईल. रबराचा तुकडा दोन बोटांत ताणून छेडा. मग तोच रिकाम्या काड्यापेटीवर ताणून छेडा. फरक मुलांना सांगावा लागणार नाही.

गिटारीची तबली साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. ती स्प्रूस नावाच्या, आपल्या देवदाराच्या जातीतल्या थंड मुलखातील झाडाची करतात, कारण हे लाकूड हलके असूनही ताठ असते. पाठ आणि बाजू शिसवासारख्या घट्ट लाकडाच्या. बाजूच्या पातळ पट्ट्या पाणी आणि उष्णता देऊन वाकवतात. तबली जिथे बाजूंना चिकटवायची, तिथे आतून खाचा पाडलेली एक बारीक पट्टी लावतात आणि सरस वाळेपर्यंत ती साध्या, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून ठेवतात. कारखाना केवढाही मोठा होवो, काही कामांना चिमटाच लागतो!

पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ओढा असतो. म्हणजे जवळजवळ पाऊण पोते ज्वारी तीन मिलिमीटरच्या फळीवर कायमची लटकवल्यासारखे झाले. फळी जाड करावी तर ती हलत नाही, आवाज बसतो. पातळ ठेवावी तर फुगते, तडकते. मजबुती पाहिजे आणि नादही पाहिजे. गिटार करणाऱ्याची सारी विद्या या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवरून चालते. मार्टिन घराण्याचा इतिहास हा या वाटेचाच इतिहास आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन. त्याचा जन्म १७९६ साली जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्शेन या गावी झाला. घराणे लाकडी सामान करणाऱ्या सुतारांचे. तरुणपणी तो व्हिएन्नाला गेला आणि योहान गेओर्ग श्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या हाताखाली शिकला. तिथेच ओटिली नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. तिचा बापही वाद्ये करणारा. हात तयार करून मार्टिन गावी परतला, आणि तिथे भांडणात सापडला.

त्या काळी तिकडे प्रत्येक धंद्याची श्रेणी असे. कोणी कोणते काम करावे हे ती श्रेणी ठरवी. व्हायोलिन करणाऱ्यांची श्रेणी म्हणू लागली की गिटार हे वाद्य आहे, तेव्हा ते आम्हीच करणार. हे तर टेबले-कपाटे ठोकणारे सुतार, यांना वाद्यातले काय कळते? सुतारांनी उलट मार्टिनचेच उदाहरण पुढे केले, की हा आमच्यातला असून व्हिएन्नात शिकून आला आहे, याचे काम पाहा. वाद १८२६मध्ये निघाला, १८३२मध्ये पुन्हा पेटला. निकाल शेवटी सुतारांच्या बाजूने लागला. पण जिथे हाताच्या कसबापेक्षा जातभाईंचा शिक्का मोठा, तिथे पुढे जाता येणार नाही, हे मार्टिनने ओळखले होते. १८३३ साली बायकामुलांना घेऊन तो अमेरिकेला निघून गेला. आपल्याकडच्या कारागिरांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

न्यूयॉर्कमध्ये हडसन रस्त्यावर त्याने दुकान मांडले. पुढे वाद्ये आणि संगीताच्या छापील वह्या विकायच्या, मागच्या खोलीत गिटारी करायच्या. रोख पैसा कमीच. त्याच्या वह्यांत वाद्याच्या बदल्यात दारूची पेटी, मुलांचे कपडे घेतल्याच्या नोंदी आहेत. आपल्या बलुत्यासारखाच व्यवहार म्हणा ना. पण शहरात मन रमेना. पेनसिल्व्हेनियात नाझरेथच्या बाजूला जर्मन भाषा बोलणाऱ्यांची जुनी वस्ती होती, डोंगर-झाडीही सॅक्सनीची आठवण करून देणारी. १८३९मध्ये मार्टिन कुटुंब तिकडे जाऊन राहिले ते कायमचे. १८५९मध्ये गावातच कारखाना उभा राहिला, आणि तो पुढे शंभरहून अधिक वर्षे, १९६४पर्यंत, त्याच जागी चालला.

याच काळात, म्हणजे १८४० ते १८५०च्या दरम्यान, तबलीच्या आतल्या बाजूला एक बदल झाला. तबलीला आधार म्हणून आतून लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवतात. जुनी रीत पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या लावण्याची. मार्टिन आणि त्याच्याभोवतीचे जर्मन कारागीर दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना छेदून फुलीसारख्या लावू लागले. त्या वेळी गिटारीला आतड्याची तात लावीत. तिचा ओढा कमी असल्यामुळे या फुलीवाचून काही अडत होते असे नाही. पण पुढे काळ बदलला. लोकांना मोठा आवाज हवासा झाला, पोलादी तारा आल्या आणि १९२२पासून मार्टिनांनी पोलादी तारांसाठीच गिटारी करायला घेतल्या. तेव्हा तो दुप्पट ओढा पेलायला आजोबांची फुली तयारच होती! आज जगात पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींच्या पोटात हीच फुली असते.

संस्थापक १८७३ साली वारला. मुलाने, दुसऱ्या ख्रिश्चन फ्रेडरिकने, धंदा सांभाळला. तो १८८८मध्ये गेला. तेव्हा नातू फ्रँक हेन्री अवघा बावीस वर्षांचा होता. या पोराने दोन मोठी कामे केली. माल उचलणाऱ्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यावर अवलंबून राहणे सोडले, आणि १८९८पासून प्रत्येक गिटारीवर क्रमांक घालायला सुरुवात केली. तोवर सुमारे आठ हजार गिटारी झाल्या असाव्यात असे धरून क्रमांक आठ हजारांच्या पुढून चालू केला. पासष्ट वर्षांत आठ हजार! पुढे दहा लाखांचा आकडा २००४मध्ये गाठला गेला आणि वीस लाखांचा २०१७मध्ये. वाढीचा वेग कसा बदलत गेला ते या तीन आकड्यांवरून दिसते.

फ्रँक हेन्रीच्या काळात गिऱ्हाइकाचे म्हणणे कारखान्यात ऐकले जाई. बोस्टनच्या डिटसन या विक्रेत्यांसाठी १९१६मध्ये एक मोठ्या पोटाची गिटार केली होती; तिला ड्रेडनॉट या इंग्रजी युद्धनौकेचे नाव पडले. १९२९मध्ये बँजो वाजवणाऱ्या पेरी बेक्टेलच्या मागणीवरून दांडी लांबवून पेटीबाहेर बाराऐवजी चौदा पडदे दिले. मग जागतिक मंदी आली. कामावाचून हात बसू नयेत म्हणून कारखान्याने व्हायोलिनचे सुटे भाग आणि लाकडी दागिनेसुद्धा करून पाहिले. पण त्याच वाईट दिवसांत, १९३१मध्ये, ती मोठ्या पोटाची गिटार मार्टिनांनी स्वतःच्या नावाने बाजारात आणली. गाणाऱ्याच्या आवाजाखाली भक्कम उभी राहणारी ही गिटार पुढे जगभर इतकी चालली, की आज पुष्कळांना गिटार म्हटले की तोच आकार डोळ्यांपुढे येतो.

आता या गोष्टीतला अवघड भाग. त्या वेळच्या गिटारींत आतल्या पट्ट्या मध्ये कोरून हलक्या केलेल्या असत, म्हणून तबली मोकळी हलायची. पण वादक मोठ्या आवाजाच्या हव्यासाने जाड तारा चढवू लागले. तबल्या फुगू लागल्या, गिटारी दुरुस्तीला परत येऊ लागल्या. अखेर १९४४च्या सुमारास कारखान्याने पट्ट्या कोरणे बंद केले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हते. वाद्य टिकाऊ झाले, तक्रारी थांबल्या. मात्र जाणत्या वादकांना नाद उणा वाटू लागला आणि युद्धापूर्वीच्या जुन्या मार्टिन गिटारींना ते नव्याहून कितीतरी अधिक किंमत मोजू लागले. कारागिराला याहून बोचरे ते काय, की त्याचे नवे काम घेणाऱ्याने त्याच्याच आजोबांचे काम मागावे! शेवटी १९७६मध्ये कोरलेल्या पट्ट्यांची गिटार पुन्हा सुरू झाली. ती घेणाऱ्याने तारा बेताच्या लावाव्यात, एवढेच. नाद हवा तर जपणूकही हवी.

१९६०नंतर अमेरिकेत लोकगीतांची लाट आली. मागणी एवढी वाढली, की वर्षानुवर्षे वाट पाहण्याची पाळी गिऱ्हाइकांवर आली. १९६४मध्ये नवा कारखाना बांधला आणि १९७१मध्ये एका वर्षात बावीस हजारांहून अधिक गिटारी झाल्या. पाचव्या पिढीच्या फ्रँक हर्बर्टने बँजोचा, ढोलांचा, स्वीडनमधल्या गिटारींचा असे दुसऱ्यांचे कारखाने विकत घेतले. पण लाट ओसरली. १९७७मध्ये कामगारांचा संप झाला आणि महिनोन्‌महिने चालला. १९८२मध्ये वर्षाच्या गिटारी जेमतेम तीन हजारांवर आल्या. घेतलेले धंदे मोडीत निघाले, फ्रँक हर्बर्टला पायउतार व्हावे लागले. दीडशे वर्षांचे नाव बुडते की काय, अशी वेळ आली होती.

सावरले ते आजोबा आणि नातू यांनी. या घराण्यात आपल्यासारखीच रीत आहे. नातवाला आजोबांचे नाव. म्हातारे तिसरे ख्रिश्चन फ्रेडरिक १९८६मध्ये वारले आणि त्यांच्याच नावाचा तिशीतला नातू, चौथा ख्रिश्चन फ्रेडरिक, कारभार पाहू लागला. त्यांनी इतर व्याप मागे टाकून गिटारीवर लक्ष धरले, नफ्यात कामगारांना वाटा दिला. स्वस्त गिटारींसाठी मेक्सिकोत दुसरा कारखाना काढला. २०२१मध्ये मात्र त्यांनी मुख्य कारभारीपण प्रथमच घराण्याबाहेरच्या माणसाच्या हाती सोपवले. मालकी घरात ठेवली, गादीचा हट्ट सोडला.

आणि शिसव? मार्टिनांचे पूर्वीचे आवडते लाकूड ब्राझीलमधल्या शिसवाचे. तिथली जंगले खालावली, ओंडके बाहेर जाणे बंद झाले, तेव्हा १९६९मध्ये त्यांनी भारतीय शिसव घेतले. ब्राझीलच्या शिसवाच्या व्यापारावर १९९२मध्ये जगभर बंदी आली. २०१७मध्ये शिसवाच्या साऱ्या कुळावरच आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले; २०१९मध्ये तयार वाद्यांपुरती सवलत मिळाली. म्हणजे कारागिराचा हात कितीही शाबूत असला, तरी झाड उरले नाही तर त्या हाताला करण्यासारखे काही राहत नाही. शिसव फार सावकाश वाढते. आज लावलेले झाड नातवाच्या हयातीत कामाला येईल. आपल्या सह्याद्रीतही हे झाड आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो.

शेवटी एक सूचना, विशेषतः शिक्षकांना. मार्टिनांची एवढी हकिगत आज सांगता येते, कारण त्यांनी जमाखर्चाच्या वह्या आणि पत्रे जपून ठेवली. आपल्या मिरजेत मूळच्या शिकलगार घराण्यांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, सतार आणि तानपुऱ्याचे काम हाती घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या नावारूपाला आणले. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तुमच्या गावातल्या ढोलकी मढवणाऱ्याची, पखवाजाला शाई भरणाऱ्याची, बैलगाडीचे चाक करणाऱ्या सुताराची वही कोणी ठेवली आहे काय? वरच्या वर्गातल्या दोन मुलांना एखाद्या रविवारी त्यांच्याकडे पाठवा. लाकूड कुठून आणता, कातडे कसे कमावता, काम कोणाकडून शिकलात, आता कोण शिकते आहे, एवढे चार प्रश्न विचारून उत्तरे तारीख घालून लिहून ठेवायला सांगा. शाळेच्या कपाटात तेवढ्या वहीला जागा निघेल.