मागचं दाखवणारा आरसा

आरसा म्हटलं की आपल्याला आपला चेहरा आठवतो. मोटारसायकलच्या आरशात मात्र स्वतःचा चेहरा दिसू लागला, तर तो चुकीचा बसलाय असं समजावं. हा आरसा आपल्यासाठी नाही, मागून येणाऱ्यासाठी आहे.

1835 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रासायनिक रीत दाखवली. आरसा पुढे घरोघरी पोचला, पण वाहनावर चढायला त्याला बराच काळ लागला. 1909 मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्लंडमधल्या मोटारचालक बाईंनी स्त्रियांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिलं. गाडीत हातआरसा ठेवा आणि अधूनमधून उंच धरून मागचा रस्ता पाहा, असा सल्ला त्यांनी त्यात दिला. वेणीफणीचा आरसा असा रस्त्यावर आला!

दोनच वर्षांनी, 30 मे 1911 रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. इतरांच्या गाडीत मागे पाहायला एक मेकॅनिक बसलेला असे. रे हॅरून एकटाच होता. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, तेव्हा त्यानं गाडीवर आरसा बसवला, आणि शर्यतही जिंकली. पुढे त्यानं हसत कबूल केलं, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं.

मोटारसायकलला तर पुष्कळ वर्षं आरसा मिळतच नसे. हवा असेल तर वरून विकत घ्यायचा. म्हणूनच की काय, आजही पुष्कळांना तो दागिना वाटतो. नवी गाडी आली की पोरं आधी आरसे काढून ठेवतात.

दोष पोरांनाच का द्यावा? एकदा धाकट्या भावाच्या गाडीचा उजवा आरसा फुटला. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पाना हातात घेतला आणि सगळे स्क्रू फिरतात तसाच हाही फिरवला. नवा आरसा बसेना, तेव्हा जोर लावला. आटे गेले. मोहल्ल्यातले गॅरेजवाले चाचा म्हणाले, "शायरसाहब, हात लावण्याआधी विचारायचं तरी! ह्याचे आटे उलटे असतात."

यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाला असे उलटे आटे असतात. त्यामागे शहाणपण आहे. समोरून काही आदळलं, तर उजवा आरसा मागे ढकलला जातो, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. आटे नेहमीचे असतील, तर तो आणखी आवळला जाईल आणि तुटेल. उलटे असतील, तर सैल होऊन मागे वळेल. म्हणून नवा आरसा घेताना आट्यांची दिशा आणि जाडी जुन्याशी ताडून पाहावी. पहिले काही फेरे हातानंच द्यावेत, कोन जमवावा आणि दांडी धरून मग चेकनट आवळावा. कडेला आपला खांदा किंचित दिसला, बाकी सगळा रस्ता दिसला, की झालं. फुगीर काचेत मागची गाडी असते त्यापेक्षा दूर वाटते, हेही विसरू नये.

त्या वेळी ब्रेकजवळचा तो भागच बदलायचा होता. आज करू, उद्या करू म्हणता तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी भाऊ उजवीकडे वळला, मागून टेम्पो आला. तो वाचला, मनगट मोडलं.

अजून थंडीत त्याच्या मनगटात कळ येते. तो मला कधी काही बोलला नाही. पण बिनआरशाची गाडी घेऊन कुणी पोरगा गल्लीत शिरला, की मी त्याला थांबवतो. "बेटा, आरसे कुठे आहेत?" एवढंच विचारतो. पुष्कळदा ते घरी कपाटात असतात.