तळटीप १७ : सीईटीपी

१७. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. इथे अभिप्रेत आहे ते डोंबिवली एमआयडीसीच्या पहिल्या टप्प्यातले. तिथे मुख्यतः कापड रंगवणारे कारखाने आहेत. दुसऱ्या टप्प्यातल्या रासायनिक कारखान्यांचे केंद्र वेगळे. लेखक मुलुंडहून लोकलने कामाला जात ते पहिल्या टप्प्यात. रिॲक्टिव्ह रंगाचा बराच भाग सुताला न चिकटता पाण्याबरोबर वाहून जातो. मागच्या पानावरचा ‘चुनेवाला’ म्हणजे टाकीत चुना आणि फेरस सल्फेट सोडणारा कामगार. त्याने रंगाचे कण गोळा होऊन तळाशी बसतात. पुढच्या, हवा सोडलेल्या टाकीतले जीवाणू कापडाची खळ फस्त करतात, रंगाला मात्र सहसा दाद देत नाहीत. तेव्हा ‘वास गेला, गुलाबी राहिला’ हे लेखकाचे म्हणणे अतिशयोक्ती नव्हे. गाळ घातक कचऱ्यात मोडतो, म्हणून तो तळोज्याला जातो. विरघळलेले मीठ यातल्या कशानेच निघत नाही, ते सरळ उल्हास खाडीत. ‘लवादाची गडबड’ : उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणावरचा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ सालचा निकाल.