खेळताना भुंकणाऱ्या कुत्र्याला शांत राहण्याची सवय

भंडारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत कुत्र्याचे भुंकणे हा सहसा दोष मानला जात नाही. धानाच्या बांध्यांत रानडुकरे शिरली किंवा कोका अभयारण्यालगतच्या गावात रात्री बिबट्या फिरकला, तर पहिली वर्दी कुत्राच देतो. तक्रार सुरू होते ती दिवसा, अंगणात. चेंडू हातात घेऊन मालक क्षणभर थांबला, मुले दुसऱ्या खेळाकडे वळली किंवा घरातील कोणी फोनवर बोलू लागले, की तोच कुत्रा समोर उभा राहून एकसारखा भुंकू लागतो. शेजाऱ्यांची बोलणी, चिडून दिलेला फटका आणि अखेर दिवसभराची साखळी असा या सवयीचा शेवट होऊ शकतो. वास्तविक ही सवय बहुधा माणसानेच नकळत लावलेली असते आणि ती माणसालाच मोडता येते.

भुंकणे कशासाठी?

श्वानकुळातील सर्व प्राणी असे भुंकत नाहीत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेल्या नागझिऱ्याच्या जंगलात रानकुत्र्यांचे कळप आढळतात. ते शीळ घातल्यासारख्या आवाजाने परस्परांशी संपर्क ठेवतात. लांडगाही क्वचितच भुंकतो. माणसाच्या सहवासात राहिलेल्या कुत्र्याने मात्र भुंकण्याला अनेक अर्थ दिले. हंगेरीतील संशोधकांनी मुडी जातीच्या कुत्र्यांचे ध्वनिमुद्रित भुंकणे लोकांना ऐकविले. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. कुत्रा अनोळखी व्यक्तीला पाहून भुंकतो आहे, एकटा पडल्यामुळे की खेळताना, हे कुत्रा न पाळणाऱ्यांनाही निव्वळ अंदाजाने साधेल त्याहून अधिक वेळा ओळखता आले. खेळातील भुंकणे ही मुख्यत्वे माणसाला उद्देशून केलेली मागणी असते.

सवय कशी जडते?

ज्या कृतीनंतर लाभ होतो ती कृती पुन्हा पुन्हा होते आणि लाभ अधूनमधूनच मिळत राहिला तर ती अधिक चिवट बनते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. कुत्रा भुंकला आणि चेंडू फेकला गेला, तर त्याला भुंकण्याची मजुरी मिळाली. नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्या वेळी कंटाळून चेंडू फेकला, तर तो चिकाटी शिकतो. ‘गप्प बस’ असे ओरडणेही त्याच्या दृष्टीने प्रतिसादच ठरते. मालकाने पाहिले, बोलला, म्हणजे हेतू साध्य झाला.

शिकविण्याची पद्धत

पहिला नियम मजुरी बंद करण्याचा. खेळताना कुत्रा भुंकताच चेंडू पाठीमागे घ्यावा, हात स्थिर ठेवावेत, नजर वळवावी आणि बोलू नये. तो शांत होताच, आरंभी दोन-तीन सेकंदांची शांतताही पुरेशी मानून, खेळ लगेच सुरू करावा. हा अवधी पुढे पाच, दहा, पंधरा सेकंद असा वाढवीत न्यावा. भुंकणे थांबतच नसेल तर काही न बोलता अर्धा-एक मिनिट तेथून निघून जावे.

दुसरा नियम पर्याय देण्याचा. भुंकू नये एवढेच सांगून भागत नाही. खेळ कसा मागावा हे कुत्र्याला कळले पाहिजे. चेंडू फेकण्यापूर्वी दर वेळी त्याला बसायला लावावे. काही दिवसांत तो खेळासाठी आपण होऊन बसू लागतो. खाऊ द्यायचा तर पोळीचा, उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा लहानसा तुकडा पुरे. कांदा, मनुका व चॉकलेट कुत्र्याला अपायकारक असतात.

तिसरा नियम एकवाक्यतेचा. वडील ‘बस’ म्हणतात, मुले ‘बैठ’ म्हणतात आणि आजी भुंकताच पोळी टाकते, अशा घरात कुत्रा गोंधळतो. शब्द एक असावा आणि नियम सर्वांनी पाळावा.

दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस भुंकणे कमी होण्याऐवजी वाढते. जुना उपाय चालेनासा झाल्यामुळे कुत्रा तो अधिक जोराने करून पाहतो. बहुतेक प्रयत्न येथेच फसतात. या टप्प्यावर माघार घेतली तर सवय आधीपेक्षा घट्ट होते. धीर धरल्यास काही आठवड्यांत फरक दिसू लागतो.

काय टाळावे?

मारणे, तोंड बांधणे किंवा विजेचा झटका देणारा पट्टा वापरणे, यांतून कुत्रा भीती शिकतो आणि पुढे चावण्याचा धोका वाढतो. कुत्र्याला अवाजवी काळ आखूड साखळीने बांधून ठेवणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे. खेळ सलग लांबविण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन डाव खेळावेत. अतिउत्साह वाढण्यापूर्वी थांबणे हाही शिक्षणाचा भाग आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. तेव्हा पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच खेळावे.

राखणीचे भुंकणे

शेतावर किंवा फाटकाशी अनोळखी चाहुलीने भुंकणाऱ्या कुत्र्याला हे दुर्लक्ष लागू करू नये. त्याचा इशारा ऐकून, पाहून यावे व मग त्याला जवळ बोलवावे. राखण आणि खेळ यांना वेगवेगळा प्रतिसाद मिळाला की कुत्रा दोहोंतील फरक शिकतो. पूर्वी शांत असलेला कुत्रा एकाएकी फार भुंकू लागला, तर वेदना किंवा आजाराची शक्यता गृहीत धरून प्रथम पशुवैद्यकाकडे न्यावे. बाकी कुत्र्यांच्या बाबतीत औषध एकच आहे: भुंकण्याने काही मिळत नाही आणि शांत बसल्याने मिळते, हा अनुभव त्याला घरातील प्रत्येकाकडून, दररोज यावा.