उत्तर युगांडाची नभोवाणी आणि परतीचे आश्वासन

जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी यांच्या सैन्याने कंपाला जिंकून युगांडाची सत्ता हाती घेतली, तेव्हा पराभूत सैन्यात ज्यांचा भरणा मोठा होता त्या अचोली लोकांच्या उत्तरेकडील प्रदेशात बंडाळी माजली, आणि तिच्यातूनच पुढे जोसेफ कोनी याची ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ उभी राहिली. प्रारंभी या बंडाला जी काही सहानुभूती होती ती लवकरच आटली, आणि स्वेच्छेने येणारे तरुण मिळेनासे झाले तशी कोनीने सैन्यभरतीसाठी मुले पळवण्याची पद्धत अवलंबिली. युद्धाच्या दोन दशकांत अशा रीतीने पळवलेल्या मुलांची संख्या २० हजारांहून अधिक होती. ऑक्टोबर १९९६ मध्ये आबोके येथील सेंट मेरीज कॉलेज या शाळेतून एका रात्रीत १३९ मुली नेण्यात आल्या. शाळेच्या उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा यांनी बंडखोरांच्या मागावर जंगलात जाऊन त्यांपैकी १०९ मुली सोडवून आणल्या, म्हणून या घटनेकडे जगाचे लक्ष गेले. एरवी खेड्यापाड्यांतून नाहीशा होणाऱ्या मुलांची नोंद घेणारे कोणी नव्हते. अपहरणाच्या धास्तीने हजारो मुले रोज संध्याकाळी गावातून निघून गुलू शहरापर्यंत पायी येत, ओसरीवर वा बसस्थानकात रात्र काढत आणि उजाडताच परत जात.

पळवलेल्या मुलांना धाकात ठेवण्याचे तंत्र केवळ बंदुकीवर आधारलेले नव्हते. नव्या मुलांकडून पुष्कळदा सोबतच्या बंदिवानाची, कधी शेजाऱ्याची वा नातलगाची हत्या करवून घेतली जाई, आणि त्यानंतर ‘आता गाव तुम्हांला स्वीकारणार नाही, सरकारी सैन्याच्या हाती लागलात तर मारले जाल’ असे त्यांच्या मनावर बिंबवले जाई. पळून जाण्याची वाट ठाऊक असूनही अनेक जण वर्षानुवर्षे जंगलात राहिले, याचे मुख्य कारण हेच दिसते. त्यांना सोडवणे हा केवळ लष्करी प्रश्न नव्हता. मुलांच्या मनात पक्के बसलेले असत्य खोडून काढणे भाग होते आणि त्यासाठी जंगलात पोहोचेल असा आवाज हवा होता.

परंतु आवाजाच्या आधी त्याच्या पाठीशी काही ठोस असणे आवश्यक होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅथलिक, अँग्लिकन व मुस्लिम धर्मगुरूंनी एकत्र येऊन स्थापलेल्या अचोली धार्मिक नेत्यांच्या शांतता मंडळाने क्षमादानाचा आग्रह धरला, आणि २००० साली युगांडाच्या संसदेने तसा कायदा केला. बंड सोडून जो अधिकाऱ्यांपुढे हजर होईल, शस्त्र खाली ठेवील आणि युद्धाचा त्याग केल्याचे लिहून देईल, त्याच्यावर बंडात भाग घेतल्याबद्दल खटला चालणार नाही, असे या कायद्याचे सार होते. हजर झालेल्याला प्रमाणपत्र, अंथरूण-पांघरूण, भांडी, कुदळ, बियाणे आणि थोडी रोख रक्कम देण्याची तरतूद होती. ही मदत वेळेवर मिळत नसल्याची तक्रार पुढे सतत होत राहिली, तरी २५ हजारांहून अधिक बंडखोरांनी या कायद्याचा लाभ घेतला आणि त्यांतील जवळपास निम्मे कोनीच्या सैन्यातले होते.

ब्रिटिश सरकारच्या आर्थिक साहाय्याने २००२ मध्ये गुलू येथे सुरू झालेल्या ‘मेगा एफएम’ या नभोवाणी केंद्राला महत्त्व आले ते या पार्श्वभूमीवर. त्याच्या ‘द्वोग पाको’, म्हणजे ‘घरी परत या’, या अचोली कार्यक्रमात सरकारी प्रवक्त्यांपेक्षा जंगलातून परतलेली मुलेमुलीच अधिक बोलत. आपण कोठून सुटलो, कसे वागवले गेलो, सध्या कोठे राहतो हे सांगत, आणि मागे राहिलेल्या सोबत्यांना नावाने हाक मारत. मृत म्हणून सांगितलेला मित्र स्वतः बोलताना ऐकू आला की बंडाच्या नायकांनी रचलेली कथा कोसळत असे. सामान्य सैनिकांना रेडिओ ऐकण्याची मनाई असली, तरी खुद्द नायक तो ऐकत, आणि त्यांच्या भोवती वावरणाऱ्या मुलांच्या कानांवरही ते शब्द पडत. साधन नवे नव्हते. त्यावर बोलणारा माणूस ओळखीचा असणे हे त्याचे खरे बळ होते.

परतलेल्यांची वाट मात्र नभोवाणी केंद्राच्या इमारतीशी संपत नव्हती. गुलूतील पुनर्वसन केंद्रांत काही आठवडे वा महिने राहून मूल घरी जाई, तेव्हा उंबऱ्यापाशी कच्च्या अंड्यावर पाय देण्याचा जुना अचोली विधी करून त्याला घरात घेत. हत्येचा प्रश्न असेल तेथे ‘मातो ओपुत’ हा दोन कुळांच्या समेटाचा, भरपाई देऊन कडू मुळीचा रस एकत्र पिण्याचा विधी होता. या विधींविषयी परदेशी अभ्यासकांनी कधीकधी फारच भाबडेपणाने लिहिले आहे. जंगलात जन्मलेली मुले घेऊन आलेल्या तरुणींना सासर-माहेर दोन्हीकडे जमिनीचा वाटा नाकारला जाई, आणि त्यावर अंड्याच्या विधीत उपाय नव्हता.

२००६ च्या सुमारास कोनीचे सैन्य काँगोच्या जंगलात सरकल्यावर तंत्रज्ञानाचे स्वरूप बदलले. तेथील विखुरलेल्या गावांत, जेथे मोबाइल पोहोचत नव्हता, दूरवर संदेश नेणारे उच्च कंप्रतेचे बिनतारी संच बसवण्यात आले, हल्ल्याची वर्दी एका गावातून दुसऱ्या गावाला देण्यात येऊ लागली, आणि हेलिकॉप्टरला बांधलेल्या ध्वनिवर्धकांतून परतीची आवाहने ऐकवली गेली. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतील ‘इन्व्हिजिबल चिल्ड्रन’ या संस्थेची ‘कोनी २०१२’ ही चित्रफीत आठवड्याच्या आत दहा कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली, पण उत्तर युगांडातील लिरा येथे ती दाखवली असता प्रेक्षक संतापले, कारण तीत त्यांचे दुःख कमी आणि कोनीचे नाव अधिक होते. याहून गंभीर गोष्ट जगाच्या ध्यानात आलीच नाही: त्याच वर्षी मे महिन्यात युगांडा सरकारने क्षमादानाच्या तरतुदीची मुदत संपू दिली, आणि ती पुन्हा लागू होण्यास वर्ष लागले. ज्या वर्षभरात कोनीचे नाव सर्वतोमुखी होते, त्याच काळात रेडिओवरून दिल्या जाणाऱ्या आश्वासनाला कायद्याचा आधार उरला नव्हता.

त्या आश्वासनाची दुसरी मर्यादा डॉमिनिक ओंगवेन याच्या खटल्यात उघड झाली. सुमारे नऊ वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरून पळवलेला हा मुलगा पुढे कोनीचा सेनानी बनला. जानेवारी २०१५ मध्ये तो शरण आला आणि क्षमादानाऐवजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे उभा केला गेला. २०२१ मध्ये ६१ आरोपांत दोषी ठरवून न्यायालयाने त्याला २५ वर्षांची शिक्षा दिली, आणि शिक्षा ठरवताना त्याचे बालपणीचे अपहरण विचारात घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच्या गुन्ह्यांच्या सुमारे ५० हजार पीडितांसाठी ५ कोटी २० लाख युरोंहून अधिक भरपाई ठरवली. ओंगवेन निर्धन असल्यामुळे ही रक्कम देणग्यांतून उभी करावयाची असून प्रत्येक पीडिताच्या वाट्याला येणारी रोख रक्कम ७५० युरो इतकी आहे.