नवे मुख, जुने यंत्र

सुरत शहराच्या उत्तरेस कतारगाम नावाची वस्ती आहे. सुरती उंधियूत पडणाऱ्या तेथील पापडीची ख्याती जुनी. हिऱ्यांच्या कारखान्यांची ख्याती मागाहून आली. या कारखान्यांत कारागीर डोळ्याला भिंग लावून हिऱ्याचे पैलू पारखतो. तसेच भिंग लावून घड्याळजी बसतो, आणि अलीकडे ठिकठिकाणी घड्याळ स्वतः जुळविणारे हौशी तरुणही बसू लागले आहेत. यंत्र जपानी बनावटीचे, डबी आणखी कोठली, आणि तबकडी मात्र आपल्या आवडीची, कित्येकदा देवनागरी अंकांची, असा हा खटाटोप असतो. हौस नवी आहे. तिच्या पोटातील प्रश्न मात्र जुना आहे. यंत्र एकाचे व मुख दुसऱ्याचे असे जे घड्याळ, ते खरे मानावे की खोटे?

आपल्या पूर्वजांचा काळ घटी-पळांनी मोजला जाई. अहोरात्राच्या साठ घटिका, एकेक घटिका चोवीस मिनिटांची. लग्नघरी घटिकापात्र बुडण्याची वाट पाहिली जाई, ती याच हिशेबाने. बारा आकड्यांची तबकडी आपल्याकडे युरोपीय व्यापाऱ्यांच्या मागोमाग आली. सन १६१५ मध्ये इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारी जाण्यासाठी सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात उतरला; ज्या सुरतेच्या वाटेने पश्चिमेच्या नवलाच्या वस्तू या देशात शिरल्या, ती ही सुरत. परंतु यंत्र ज्या देशात जाईल, त्या देशाच्या डोळ्यांना वाचता येईल असे मुख त्याला द्यावे, ही युक्ती कारागिरांना फार पूर्वी सुचली होती. अठराव्या शतकात जॉर्ज प्रायरसारखे लंडनचे घड्याळजी तुर्की बाजारासाठी घड्याळे करीत, तेव्हा आतील चक्रे इंग्रजी असत आणि तबकडीवरचे अंक तुर्कांचे असत. त्यात कोणाला लबाडी दिसली नाही.

आपल्याकडील उदाहरण तर घरोघरचे आहे. सन १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. चावी देण्याचे 'जनता' हे तेथील घड्याळ पुढे शिक्षकांच्या, कारकुनांच्या व नव्या जावयांच्या मनगटावर दिसू लागले. यंत्राचे मूळ जपानी, पण तबकडीवर नाव देवनागरीत. काही तबकड्यांवर अंकही देवनागरी. त्या घड्याळाला कोणी परके म्हटले नाही. सन २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर जुन्या 'जनता'ची ओढ उलट वाढली.

आता कामाचे मर्म पाहू. तबकडी म्हणजे बहुधा पितळेची पातळ चकती. तिच्या पाठीस दोन बारीक पाय असतात. ते यंत्राच्या मुख्य पट्टीतील दोन छिद्रांत बसतात आणि बाजूने आवळले जातात. दुसऱ्या यंत्राची तबकडी आणली, की हे पाय छिद्रांशी जुळत नाहीत. मग ते कापून तबकडी चिकट ठिपक्यांवर बसवितात, आणि एखाद्या धक्क्याने ती सरकते. तबकडी प्रमाणाबाहेर जाड असली, तर काटे धरणारी मधली नळी पुरेशी वर येत नाही. तारखेची खिडकी आतील चक्रावर नेमकी न आली, तर तारीख अर्धीच दिसते. मुख बदलता येते, पण ते अंगाशी नाते राखूनच.

येथवर सर्व ठीक आहे. दोष शिरतो तो पुढच्या पायरीवर. फाव्र-ल्यूबा या स्विस पेढीचा मुंबईशी संबंध सन १८६५ पासूनचा. तिची 'सी चीफ' व 'सी किंग' ही घड्याळे आपल्या कित्येक कुटुंबांत आजोबांकडून नातवाकडे आली आहेत. पावसाळी दमट हवेने तबकडी डागाळे. स्वातंत्र्यानंतरच्या आयात-निर्बंधांच्या काळात मूळचा सुटा भाग मिळणे कठीण होई. अशा वेळी मुंबईच्या घड्याळजीने तबकडी घासून पुन्हा रंगविली व बंद पडलेले घड्याळ चालू केले, तर त्याचे उपकारच मानावयास हवेत. परंतु पुढे भडक रंगांच्या तबकड्यांवर जुनी प्रतिष्ठित नावे नव्याने छापून 'अस्सल जुने' म्हणून ती विकण्याचा धंदा वाढला. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना उपहासाने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा उपहास त्या प्रामाणिक घड्याळजीच्याही वाट्याला येतो, ही खेदाची गोष्ट होय.

आपल्या समाजाला हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. सन १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांच्या जाचामुळे श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून जुवारीपलीकडे प्रियोळास नेण्यात आले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. दैवत तेच राहिले, घर नवे झाले. पण प्रियोळच्या देवळाने आपण कुशस्थळीचेच जुने देऊळ आहोत असे कधी भासविले नाही. उलट, स्थलांतराची आठवण हाच त्याचा मान ठरला. जीर्णोद्धारात नवे बांधणे हा दोष नव्हे. नव्याला जुने म्हणून दाखविणे आणि जुन्याची खूण पुसून टाकणे हा दोष आहे.

घड्याळजींच्या जुन्या रीतीत यावर उपायही आहे. दुरुस्ती झाली, की झाकणाच्या आतील बाजूस ते टोकदार सुईने आपली खूण व तारीख कोरून ठेवीत. वडिलोपार्जित घड्याळाचे झाकण उघडून पाहावे. दोन-तीन पिढ्यांच्या हातांची नोंद तेथे सापडण्याचा संभव आहे. नवी तबकडी बसविणाराने एवढेच पाळावे. आपली खूण आत करावी, दुसऱ्याचे नाव वर लिहू नये, आणि उतरविलेली जुनी तबकडी कागदाच्या पुडीत घालून घड्याळासोबत ठेवावी. आजोबांचे बोट ज्या काचेवर फिरले, तिच्याखाली काय होते हे नातवाला एक दिवस पाहावेसे वाटेल. त्या दिवशी ती पुडी घरात असावी.