मापाचा खांदा : सांधेरोपणाच्या पूर्वनियोजनाचा इतिहास

कृत्रिम खांद्याचा इतिहास सामान्यतः धातूंचा व आकारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदास हाड कितपत दिसत होते, याचाही तो इतिहास आहे.

1893 मध्ये पॅरिस येथे ज्यूल एमिल पेआँ यांनी क्षयाने पोखरलेला खांद्याचा सांधा काढून एका पाव भाजणाऱ्या कारागिरास कृत्रिम सांधा बसविला. पोर्टर मायकेल्स या दंतवैद्याने तो खास त्या रुग्णासाठी घडविला होता : प्लॅटिनमची नळी व टोकाशी कठीण केलेल्या रबराचा गोळा. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. म्हणजे हाडाची प्रतिमा न पाहताच हे माप ठरले. जंतुसंसर्गामुळे सुमारे दोन वर्षांनी तो सांधा काढावा लागला. दोष मापाचा नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी 1955 मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केल्यानंतर ठरावीक आकारांचे सांधे रूढ झाले. 1985 मध्ये फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी रचनाच उलटी केली. गोळा खवाट्यावर आणि खोबणी दंडाच्या हाडावर आल्याने स्नायुबंध निकामी झालेल्या रुग्णासही डेल्टॉइड स्नायूच्या बळावर हात उचलता येऊ लागला. परंतु खवाट्याचे हाडच झिजून गेले असेल, तर गोळा टेकवावा कोठे? येथे तयार माप हरते. 1971 मध्ये रुग्णावर प्रथम वापरल्या गेलेल्या सी. टी. स्कॅनमुळे हाडाचे काप दिसू लागले. पुढे संगणकाने त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती घडविली. उरलेले हाड किती, स्क्रू कोणत्या दिशेने जावा, जवळची नस कशी टाळावी, हे आता आधीच ठरविता येते.

भारतात मापाच्या सांध्याची निकड प्रामुख्याने अस्थिकर्करोगातून निर्माण झाली. मद्रास येथे 1980 च्या दशकाच्या अखेरीस असे सांधे घडविले जाऊ लागले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने अवयव वाचविणाऱ्या शस्त्रक्रियांची परंपरा उभी केली. आयात सांधा न परवडणाऱ्या अनेक रुग्णांच्या दंडात अस्थिसिमेंटने वेढलेली धातूची सळई बसविली जाई. हात वाचे, खांद्याची हालचाल मात्र फारशी मिळत नसे. या आर्थिक कोंडीतूनच आयआयटी मुंबई, टाटा रुग्णालय व हैदराबादची एनएफटीडीसी ही धातुसंशोधन संस्था स्वदेशी सांध्यासाठी एकत्र आल्या. त्यांचा पहिला भर गुडघ्यावर होता.

नियोजनास वेळही लागतो. स्कॅन व सांधा तयार होणे यांत काही आठवडे जातात. तेवढ्यात गाठ वाढू शकते, म्हणून हाड कोठे कापावे हे ठरविताना मोकळी कड राखावी लागते. अकोल्यासारख्या डोंगरी तालुक्यात हा हिशेब स्कॅनच्या आधीच सुरू होतो. दुखरा दंड मुरगळला समजून महिनोन्‌महिने चोळला गेला आणि गाठ मुख्य नसा व रक्तवाहिन्यांना वेढून बसली, तर संगणकावर सांधा आखण्याचा प्रश्नच बहुधा उरत नाही. हात खवाट्यासह काढावा लागतो.