धुरजड आणि उलाळ : विमानाच्या तोलाचा इतिहास

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यास गुरुत्वमध्य हा शब्द कदाचित परका वाटेल; ती गोष्ट मात्र त्याच्या पूर्ण परिचयाची आहे. कापसाच्या बैलगाडीत ओझे पुढे सरकले की गाडी धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर बसते. तेच मागे सरकले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. आकाशात जाण्यासाठी मानवाने जी धडपड केली, तिचा इतिहास आमच्या मते बळापेक्षा ह्या तोलाचाच अधिक आहे. आणि त्याचे पहिले धडे लहान प्रतिकृतींनी दिले.

इंग्लंडात सर जॉर्ज केली यांनी १८०४ साली एका दांड्यावर पतंगासारखा पंख आणि मागे शेपटी बसवून एक प्रतिकृती केली. तीत एंजिन नव्हते. पण तोल साधण्यासाठी वजन मागेपुढे करण्याची सोय होती. पुढे १८७१ साली पॅरिसच्या बागेत आल्फोन्स पेनो यांचे, रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद स्थिरपणे उडाले.

मोठ्या यंत्रांत मात्र हाच प्रश्न प्राणांशी येऊन भिडला. जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल आपले शरीर मागेपुढे झुलवून तोल सांभाळीत. १८९६ च्या ऑगस्टात उड्डाण करीत असता तोल गेला, ते खाली कोसळले आणि दुसऱ्याच दिवशी वारले. राइट बंधूंचे १९०३ चे विमान उडाले खरे, परंतु ते सारखे खालीवर होई. त्याचा भार फार मागे होता. १९०४ साली त्यांनी भार आणखी मागे नेऊन पाहिला, दोष वाढला. तेव्हा सुमारे ७० पौंड लोखंड पुढे बांधावे लागले. आमच्या गाडीवानाच्या भाषेत सांगायचे तर, विमान उलाळ होते.

ही परीक्षा शाळकरी मुलासही घेता येते. प्रतिकृतीच्या दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरावे. ती जेथे सपाट तोलून राहील, तेथे तिचा गुरुत्वमध्य. मागे शेपटी असलेल्या साध्या, सरळ पंखाच्या विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथाई ते तिहाई अंतरावर असावा. मागे असेल तर नाकाशी थोडी माती किंवा शिसे लावावे. मग गवतावर हलकेच सोडून पाहावे. नाक खुपसले तर भार पुढे जास्त झाला. वर उठून थबकले आणि कोसळले तर मागे.

मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, अशी कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा मात्र पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिकशास्त्रा'शी त्यांचे नाव जोडतात, त्या ग्रंथातील विमानांची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली चिकित्सा केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातील विमाने उडण्यास असमर्थ, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपद्यांच्या जिज्ञासेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु उड्डाणाची कोणतीही कथा ऐकली की प्रथम विचारावे, त्या विमानाचा भार कोठे होता? आमचा गाडीवान रिकाम्या गाडीविषयीही हे विचारतो. इतिहासाच्या अभ्यासकाने ते विसरू नये.